वटवाघळं बघायची कशी: नाव नंतर, आधी उडणं वाचायला शिका

वटवाघळं बघायला लागलं की पहिला प्रश्न येतो "ही कुठली जात?" आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. जगात १४०० च्या वर जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या साधारण पाच जातींमागे एक जात वटवाघळाची, आणि त्यातल्या कित्येक तर हातात धरून दात, कान तपासल्याशिवाय तज्ज्ञांनाही ओळखता येत नाहीत. मग अंधारात दोन सेकंद दिसलेल्या सावलीवरून आपण काय नाव सांगणार? माझं सरळ म्हणणं आहे की सुरुवातीला नाव सोडून द्या आणि ते उडतं कसं ते बघा. किती उंचावर, किती वेगात, सरळ जातंय की सारखं वळतंय, झाडापासून किती लांब राहतंय. पंखाचा आकार, आवाज आणि खाणं या तीन गोष्टी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या आहेत की उडण्याची ढब कळली की बाकीच्या दोन्हींचा अंदाज येतो.

आधी पंख समजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे

स्वतःच्या ताकदीवर उडणारा एकमेव सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. उडणाऱ्या खारी वगैरे खरं तर तरंगतात, पंख मारत नाहीत. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात. दंड, कोपर, मनगट सगळं आपल्यासारखंच, फक्त अंगठा सोडून बाकीची चार बोटं प्रचंड लांब झालेली आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली. अंगठा मोकळा असतो, त्याला नखी असते, सरपटायला आणि पकडायला तो वापरतात. कातडी पुढे खांद्यापासून मनगटापर्यंत, बाजूला पायापर्यंत आणि बऱ्याच जातींत दोन पायांच्या मधेही असते, शेपूट त्यातच अडकलेली.

पक्ष्याचा पंख पिसांचा, त्यातल्या त्यात ताठ. इथे मात्र डझनावारी सांधे आहेत आणि कातडीत लवचिक धागे आणि बारीक स्नायूसुद्धा आहेत, त्यामुळे पंख मारता मारता त्याचा फुगवटा कमी-जास्त करता येतो. पंख खाली मारताना पूर्ण पसरलेला असतो आणि वर घेताना तो अर्धवट मिटून अंगाजवळ येतो, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. कातडीवर अगदी सूक्ष्म केस असतात आणि त्यांच्यावरून हवा कशी वाहतेय ते त्याला कळतं. ते एकदम जागच्या जागी वळू शकतं ते या सगळ्यामुळे. खालून बघताना "हे भेलकांडतंय, नीट उडता येत नाहीये" असं वाटतं ना, ते भेलकांडणं नसतं, प्रत्येक वळणावर एक किडा असतो किंवा किड्याचा प्रयत्न असतो.

आता पंखाच्या आकाराची गोष्ट, ही लक्षात ठेवाच. लांब आणि अरुंद पंख म्हणजे वेग, मोकळं आकाश, वळायला मोठी जागा. आखूड आणि रुंद पंख म्हणजे संथ गती, पण झाडाच्या फांद्यांमध्ये घुसून वळता येतं. बाकी सगळं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतं.

पायरी १: वेळ पकडा

सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधी जागेवर जाऊन बसा. लोक अंधार पडल्यावर निघतात आणि मग काही दिसत नाही म्हणून परत येतात, तर सगळ्यात चांगला काळ तोच असतो जेव्हा आकाशात अजून थोडा उजेड आहे आणि त्यावर काळी आकृती उठून दिसते. उंच, वेगात उडणाऱ्या जाती लवकर बाहेर पडतात, काही तर सूर्य पूर्ण बुडायच्या आतच. छोटी किडेखाऊ साधारण सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी दिसायला लागतात. पाण्यावर शिकार करणारी आणि दाट झाडीतली संथ वटवाघळं आणखी उशिरा. याला कारण आहे, संथ उडणाऱ्याला उजेडात ससाणा किंवा घुबड सहज पकडतं, वेगवान असेल तर थोडा धोका पत्करता येतो. म्हणजे कोण किती वाजता निघालं हीसुद्धा एक खूण आहे, वेळ लिहून ठेवा.

पहिला तास-दीड तास सगळ्यात गजबजलेला, कारण संध्याकाळी किडेही तेव्हाच जास्त उडतात. मग मधे शांतता, आणि पहाटेच्या आधी पुन्हा थोडी हालचाल. पहाटेचं बघणं फार कमी लोक करतात पण मला विचाराल तर तेच जास्त उपयोगी आहे, का ते पुढे सांगतो.

हवामानाचं म्हणाल तर उबदार, वारा नसलेली, कोरडी संध्याकाळ निवडा. जोराचा पाऊस असेल तर बहुतेक बाहेरच पडत नाहीत, एक तर अंग भिजून गारठतं आणि उडायला जास्त ताकद लागते, शिवाय किडेही नसतात. थंड प्रदेशात तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की किडे कमी आणि वटवाघळंही कमी. पौर्णिमेच्या आसपास, खास करून उष्ण प्रदेशात, बऱ्याच जाती उघड्यावर यायचं टाळतात आणि सावलीत शिकार करतात.

पायरी २: जागा

तीन प्रकारच्या जागा बघा. एक, संथ पाणी, म्हणजे तळं, कालवा, नदीचा डोह. तिथे किडेही असतात आणि वटवाघळं पाणी पण उडता उडताच पितात, पृष्ठभागाला तोंड टेकवून सरळ पुढे. दोन, झाडांची रांग किंवा जंगलाची कड. मोकळं मैदान ओलांडण्यापेक्षा अशा कडेकडेनं जाणं अनेक जातींना आवडतं, रोज तोच रस्ता, त्यामुळे एकदा रस्ता सापडला की दुसऱ्या दिवशी तिथेच बसायचं. तीन, रस्त्यावरचे दिवे, पण त्याचं एक गणित आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणारी वटवाघळं म्हणजे लांब पंखांची, वेगवान मंडळी. रुंद पंखांची संथ मंडळी उजेडाला टाळतात, तिथे नसतात म्हणजे त्या भागातच नाहीत असं समजू नका. दिव्याखाली पतंगांचं भानही थोडं सुटतं, एरवी ते वटवाघळाचा आवाज ऐकून चुकवाचुकवी करतात ते नीट जमत नाही, म्हणून शिकार सोपी होते.

बसताना पश्चिमेकडे तोंड करा, म्हणजे उरलेला उजेड तुमच्या समोर आणि वटवाघूळ त्याच्या पुढे. पाण्याकाठी असाल तर जेवढं खाली बसता येईल तेवढं बसा. आणि टॉर्च बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलची स्क्रीन एकदा बघितली की सगळं पहिल्यापासून. वहीत लिहायला उजेड लागतोच, तेव्हा मंद लाल उजेड वापरा, त्याचा त्रास पांढऱ्या किंवा निळसर उजेडापेक्षा बराच कमी होतो.

संध्याकाळी आकाशात पाकोळ्याही असतात, त्यांचा गोंधळ होतो. फरक सोपा आहे: पाकोळी पंख ताठ धरून मधेमधे तरंगत जाते, वटवाघूळ पंख मारणं जवळजवळ थांबवतच नाही आणि मान नसल्यासारखं आखूड दिसतं.

पायरी ३: उड्डाण वाचा

ही खरी पायरी, इथे वेळ घालवा. एक वटवाघूळ निवडा आणि दिसेनासं होईपर्यंत त्याच्यावरच नजर ठेवा, दहा जणांकडे एकदम बघू नका.

खूप उंचावर, झाडांच्या शेंड्यांच्या वर, सरळ रेषेत वेगात जाणारं आणि अधूनमधून एकदम खाली सूर मारून परत वर येणारं दिसलं तर ते मोकळ्या आकाशातलं शिकारी. लांब पंख. याचा आवाज मोठा आणि खालच्या पट्टीतला असतो, कारण खालच्या पट्टीतला आवाज हवेत लांबपर्यंत जातो आणि वेगात उडणाऱ्याला लांबचं कळायला हवं. मेक्सिकन फ्री-टेल्ड हे याचं प्रसिद्ध उदाहरण, टेक्ससमधल्या ब्रॅकन गुहेत त्यांची कोट्यवधींची वसाहत आहे.

झाडाच्या कडेनं, दोन ते दहा मीटर उंचीवर, सारखं वळत, एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालणारं छोटं वटवाघूळ सगळ्यात जास्त दिसतं. माणसांच्या वस्तीजवळ दिसणारी बरीचशी ही असतात. ती तोंडानं प्रत्येक किडा पकडत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मोठा किडा पंखानं किंवा पायांमधल्या कातडीच्या झोळीत ओढून घेतात आणि मग मान वाकवून उडतानाच खातात. त्या क्षणी उड्डाणात एक छोटासा अडखळल्यासारखा झटका दिसतो, तो बघायचा प्रयत्न करा.

पाण्याच्या अगदी जवळून, वीत-दीड वीत उंचीवरून, सपाट रेषेत गोल गोल फिरणारं असेल तर ते पाण्यावरचं शिकारी. पाय मोठे असतात आणि पृष्ठभागावरचा किडा पायानं उचलतं. युरोप-आशियात डॉबेंटन नावाची जात हे करते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तर बुलडॉग वटवाघूळ पाण्यातून छोटे मासे उचलतं, पृष्ठभागावर उठलेल्या तरंगावरून त्याला मासा कळतो. पाणी शांत हवं हे लक्षात ठेवा, खळखळत्या पाण्यात आवाजाचाही गोंधळ होतो आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रतिध्वनीचाही, त्यामुळे ती तिकडे फिरकत नाहीत.

फांद्यांच्या आत, पानांना जवळजवळ घासून, संथ, फुलपाखरासारखं फडफडणारं दिसलं तर रुंद पंखांचं. यातली काही उडत किडे पकडतच नाहीत, पानावर किंवा जमिनीवर बसलेला किडा उचलतात. त्यांचे कान मोठे असतात आणि ती बऱ्याचदा स्वतः आवाज न करता किड्याच्या चालण्याचा, पंखांच्या घासण्याचा आवाज ऐकून त्यावर जातात. आशियातली मोठ्या कानांची मेगाडर्मा जात तर बेडूक, उंदीरसुद्धा पकडते. ही कधी कधी फांदीवर लटकून वाट बघते, भक्ष्य आलं की झेप, परत त्याच फांदीवर. त्या फांदीखाली पतंगांचे तुटलेले पंख पडलेले सापडतात, दिवसा जाऊन बघा.

आणि जागच्या जागी फुलासमोर थांबलेलं असेल तर मकरंद खाणारं. अमेरिका खंडातल्या काही छोट्या जाती असं हवेत स्थिर राहून लांब जीभ फुलात घालतात, पंख सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलवतात.

पंखांचा वेग ढोबळमानानं आकार सांगतो. मोठं फळखाऊ सेकंदाला दोन-तीन वेळाच पंख मारतं, ते मोजता येतात. छोट्यांचे मोजताच येत नाहीत, नुसतं फडफडणं दिसतं. जगातलं सगळ्यात छोटं, थायलंड आणि म्यानमारमधलं किट्टीचं वटवाघूळ, फक्त दोन ग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या फळखाऊंचे पसरलेले पंख दीड मीटरपर्यंत जातात, आता एवढ्या फरकात सगळ्यांना एकच "वटवाघूळ" म्हणून बघणं बरोबर नाही.

पायरी ४: आवाज

किडेखाऊ वटवाघूळ तोंडानं किंवा नाकानं खूप वरच्या पट्टीतला आवाज काढतं आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखतं. १७९० च्या दशकात इटलीतल्या स्पालान्झानीनं आंधळी केलेली वटवाघळं अडथळे चुकवून उडतात हे दाखवलं आणि स्वित्झर्लंडमधल्या ज्युरीननं कान बंद केले तर धडकतात हे दाखवलं, पण आवाजच ऐकू येत नसल्यामुळे कोणाला त्याचा अर्थ लावता आला नाही. शेवटी १९३८ नंतर अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी मायक्रोफोन वापरून ते पकडलं. तर सांगायचं हे की आंधळं कुठलंच वटवाघूळ नसतं, सगळ्यांना दिसतं.

माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं तेही तरुण कान असतील तर, आणि यांचे आवाज बहुतेक २० ते १२० किलोहर्ट्झच्या मधले. आवाज कमी नाहीत बरं, तोंडाजवळ मोजले तर बऱ्याच जातींचे ११० डेसिबलच्या वर जातात, आपल्याला ऐकू येत नाहीत हे आपलं नशीबच. स्वतःच्याच किंचाळण्यानं बहिरं होऊ नये म्हणून ओरडताना त्यांच्या मधल्या कानातला स्नायू आखडतो आणि प्रतिध्वनी यायच्या आत सैल होतो. एक मीटरवरच्या किड्याचा प्रतिध्वनी सहा मिलिसेकंदांत परत येतो, म्हणजे केवढ्या घाईचं काम आहे बघा.

हे ऐकायचं तर बॅट डिटेक्टर लागतो, म्हणजे वटवाघळांचा वरच्या पट्टीतला आवाज आपल्याला ऐकू येईल असा करणारं छोटं यंत्र. नुसतं अ‍ॅप टाकून होत नाही, कारण फोनचा स्वतःचा मायक्रोफोन साधारण २४ किलोहर्ट्झच्या पुढचं पकडतच नाही. फोनला जोडायचा वेगळा अल्ट्रासाऊंड मायक्रोफोन मिळतो, तो रेकॉर्डही करतो आणि आवाजाचं चित्रही दाखवतो. शिकण्यासाठी मात्र साधा हेटेरोडाइन डिटेक्टर मला जास्त आवडतो, एक बटण फिरवायचं आणि त्या पट्टीतला आवाज लगेच कानात, डोळे आकाशाकडेच राहतात.

वापरायची पद्धत अशी: ४५ किलोहर्ट्झवर लावून बसा. टकटक ऐकू आली की बटण हळूहळू खाली फिरवा, जिथे आवाज टणक टिकटिक न राहता जाड, ओला "टप-टप" होतो ती त्या वटवाघळाची मुख्य पट्टी. तो आकडा आणि ते कसं उडत होतं हे दोन्ही एकाच ओळीत लिहा. २० ते २५ च्या आसपास सावकाश, जोरदार ठोके आले की वर बघा, उंचावर कोणीतरी वेगात जाताना दिसेल, आणि असं वटवाघूळ शंभर मीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. उलट हॉर्सशू म्हणजे घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली मंडळी एकाच पट्टीत लांब सूर लावतात, डिटेक्टरवर ते शिट्टीसारखं, लहरत ऐकू येतं, पण पट्टी इतकी वरची की पाच-दहा मीटरच्या पुढे विरून जातं. गजबजलेल्या झाडीत एवढंच अंतर पुरतं त्यांना.

मग ती गंमत, जी ऐकल्यावर माणूस डिटेक्टर खाली ठेवत नाही. शोधत फिरताना ठोके सेकंदाला दहाच्या आसपास असतात, साधारण पंखांच्या तालावर, कारण पंख मारताना श्वास बाहेर पडतो त्याच जोरावर आवाज काढला तर वेगळी ताकद लागत नाही. किडा सापडला की ठोके जवळजवळ येत जातात, आणि शेवटच्या क्षणी सेकंदाला दीडशेच्या पुढे, म्हणजे कानाला नुसतं "प्रर्रर्र". मग क्षणभर शांतता. ती शांतता म्हणजे तोंडात किडा, किंवा सुटला. पाच मिनिटांत असे किती "प्रर्रर्र" आले ते मोजा, जागा खाण्याची आहे की नुसता जाण्या-येण्याचा रस्ता आहे ते त्यावरून कळतं.

किडेही गप्प बसत नाहीत. पतंगांच्या अनेक जातींना हे आवाज ऐकू येतात, वटवाघूळ लांब असेल तर दिशा बदलतात, जवळ आलं तर पंख मिटून दगडासारखे खाली पडतात. काही टायगर मॉथ उलट स्वतः टिकटिक करतात, कुठे ती "मी विषारी आहे" अशी सूचना असते तर एका जातीत तर त्यानं वटवाघळाचा अंदाजच चुकतो. त्याला उत्तर म्हणून बारबस्टेल नावाचं वटवाघूळ इतकं हळू कुजबुजतं की पतंगाला कळेपर्यंत ते पोचलेलं असतं.

"एक वटवाघूळ रात्रीत हजारो डास खातं" हे वाक्य सगळीकडे फिरतं, त्यावर फार भर देऊ नका. तो हिशोब बंद खोलीत सोडलेल्या किड्यांवरच्या जुन्या प्रयोगावरून ताणलेला आहे. बाहेर ती पतंग, भुंगे, माश्या, जे मिळेल ते खातात. पिकांवरच्या पतंगांचा फडशा पाडतात हे मात्र खरं आहे.

पायरी ५: फळखाऊंसाठी वेगळी पद्धत

मोठी फळखाऊ वटवाघळं आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात आणि ती जवळजवळ सगळी डोळे आणि नाकावर चालतात, इजिप्शियन फ्रूट बॅटसारख्या काही जाती तेवढ्या जीभ टाळूला मारून टकटक करतात. त्यामुळे डिटेक्टर घरी ठेवा, दुर्बीण घ्या, आणि चक्क दिवसा जा. उंच झाडावर उघड्यावर लटकलेली असतात, भांडत असतात, झोपतही असतात पण सलग नाही.

लांबूनच बघायचं, झाडाखाली जायचं नाही. बघण्यासारखं पुष्कळ आहे. ऊन चढलं की पंखानं वारा घेतात, अंग चाटून ओलं करतात. ४२ अंशांच्या पुढे उष्णता गेली की ऑस्ट्रेलियात ही एकेका दिवसात हजारोंनी मेल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे ते वारा घेणं गमतीचं नाही. उलटं लटकलेलं वटवाघूळ घाण करताना काय करतं हा लहान मुलांचा आवडता प्रश्न, तर ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरतं, सरळ होतं, काम झालं की परत उलटं. आईच्या छातीला चिकटलेलं पिल्लू दिसलं तर तो काळ नाजूक आहे समजा आणि अजून मागे सरका.

संध्याकाळी निघताना एकामागोमाग एक, बऱ्यापैकी सरळ, जड पंख मारत जातात, एका रात्रीत कित्येक किलोमीटर. उन्हाळ्यात जवळ नदी असेल तर बघा, काही जण पाण्याला पोट घासून वर येतात आणि मग झाडावर बसून पोटाचे ओले केस चाटतात, पाणी प्यायची ही त्यांची पद्धत. फळ चघळून रस गिळतात आणि चोथा थुंकतात, बारीक बिया पोटातून जाऊन लांब कुठेतरी पडतात. झाम्बियातल्या कसान्का राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अशी पिवळसर फळखाऊ वटवाघळं लाखोंनी जमतात, फळांच्या मागे मागे आलेली.

पायरी ६: घर शोधणं आणि मोजणं

आता पहाटेचं. संध्याकाळी वटवाघूळ बाहेर पडतं ते झटकन, नजर चुकली की गेलं. पहाटे परत येताना मात्र बऱ्याच जाती घराच्या तोंडाशी पाच-दहा मिनिटं गोल गोल फिरतात, फटीजवळ येऊन परत मागे जातात, आणि मग आत. म्हणजे घर शोधायचं असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी बाहेर पडा आणि गर्दी कुठे जमतेय ते बघा. छोटी वटवाघळं दीड सेंटिमीटरच्या फटीतूनही जातात, तेव्हा "इथून कसं जाईल" असा विचार करू नका. दिवसा फटीखाली लेंड्या दिसतात, उंदराच्या लेंडीसारख्याच, पण काडीनं दाबल्या तर भुगा होतो कारण त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे असतात. उंदराची कडक राहते. हातानं दाबायची नाही हे सांगायला नको.

मोजायचं असेल तर दोघं जण जा. घराच्या समोर नाही, बाजूला बसा, मागे आकाश दिसेल असं. एक जण बाहेर पडणारे मोजतो, एक परत आत जाणारे, शेवटी वजाबाकी. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी सुरू करा आणि दहा मिनिटं कोणीच निघालं नाही किंवा दिसेनासंच झालं की थांबा. गुहेतून लाखोंनी निघत असतील तर मोजणं शक्य नाही, व्हिडिओ घ्या आणि नंतर ठरावीक सेकंदांचे तुकडे मोजा. मलेशियातल्या सारावाकमध्ये मुलू इथल्या डीअर गुहेतून निघणारे लांबच लांब वळसे आणि कडी बघायला लोक मुद्दाम जातात. अशा ठिकाणी शिकारी पक्षीही हजर असतात, आफ्रिका आणि आग्नेय आशियात तर बॅट हॉक नावाचा पक्षी रोजचं बहुतेक खाणं संध्याकाळच्या त्या थोड्याशा वेळातच उरकतो. पक्षी आला की रांग कशी आकुंचन पावते, कशी वळते ते बघा.

एखाद्या दिवशी आकडा एकदम शून्यावर आला तर लगेच घाबरू नका. झाडात राहणाऱ्या जाती दर काही दिवसांनी घर बदलतात. ऋतूचाही फरक आहे. थंड प्रदेशात उन्हाळ्याच्या सुरुवातीला माद्या एकत्र जमून पिल्लं घालतात, बहुतेक जातींत वर्षाला एकच, आणि ते पिल्लू तीन ते सहा आठवड्यांत उडायला लागतं, त्या दिवसांत उड्डाणं अडखळत, बुटकी दिसतात. थंडीत त्याच जाती गारठून झोपतात. एवढ्याशा जिवाच्या मानानं आयुष्य मात्र फार मोठं, सायबेरियात खूण केलेलं सात ग्रॅम वजनाचं ब्रँटचं वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं होतं. आणि नॅथ्युसियसचं पिपिस्ट्रेल नावाचं तसंच चिमुकलं वटवाघूळ दोन हजार किलोमीटरच्या वर स्थलांतर करतं.

झोपलेली वटवाघळं बघायला गुहेत शिरू नका, हे मी फार कडकपणे सांगेन. एकदा जागं झालं की अंग तापवण्यात त्याची साठवलेली चरबी जळते आणि बाहेर खायला काही नसतं. शिवाय उत्तर अमेरिकेत २००६ पासून व्हाइट-नोज सिंड्रोम नावाच्या बुरशीजन्य रोगानं लाखो वटवाघळं मेली आहेत, आणि ती बुरशी माणसांच्या बूट-कपड्यांवरूनही एका गुहेतून दुसरीकडे जाऊ शकते. आपल्या बाजूनंही धोका आहेच, साठलेल्या लेंड्यांच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा बुरशीजन्य आजार होतो. फांदी हलवणं, टाळ्या वाजवणं, खडा वर फेकून "बघ कसं मागे येतं" हे सगळंही बंद. येतं ते खरं, पण फुकट दमतं.

जमिनीवर पडलेलं सापडलं तर

उघड्या हातानं धरायचं नाही, रेबीजचा धोका आहे, आणि दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसतही नाही. चावलं, ओरखडलं किंवा नुसती शंका असली तरी जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, वाट बघायची नाही.

जाड हातमोजे घाला, वर पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, खालून कागद सरकवा. खोक्यात एक सुती कापड टाका, त्याच्या घड्यांत ते लपतं. बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा, दूध किंवा फळ भरवायला जाऊ नका. खोकं घट्ट बंद करून अंधाऱ्या शांत जागी ठेवायचं आणि वन्यजीव बचाव करणाऱ्यांना फोन करायचा. हवेत मात्र अजिबात फेकू नका. बहुतेक जातींचे पाय जमिनीवरून उडी मारण्याइतके मजबूत नसतात, ती उंचावरून सुटतात, खाली पडता पडता पंख पसरतात आणि मग उडतात. लटकायला त्यांना ताकद लागत नाही, अंगाच्या वजनानंच बोटांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, कुलूप लागल्यासारखे अडकतात. त्यामुळे धडधाकट असेल तर बचाव करणारे त्याला संध्याकाळी झाडाच्या खोडावर किंवा खडबडीत भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर टेकवतात, ते सरपटत आणखी वर जातं, थोडा वेळ अंग थरथरवून तापवतं आणि स्वतःच सुटतं. अर्ध्या तासात सुटलं नाही तर परत खोक्यात.